देवरे मॅडमचं काही कळलं नाही

"तुम्हीच भूल देता ना? मला एक कुत्रं झोपवायचंय." मग माझा चेहरा बघून त्या म्हणाल्या, "म्हणजे झोपवून परत उठवायचंय. नुसतं झोपवायला मला कोणी लागत नाही."

डॉक्टर कुमुद देवरे माझ्याशी पहिल्यांदा बोलल्या ते असं. नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. मी माणसांना भूल देणारी डॉक्टर. आम्हा भूलतज्ज्ञांचं स्वतःचं हॉस्पिटल नसायचं. सकाळी एका ठिकाणी सिझेरियन, दुपारी दुसऱ्या ठिकाणी हर्निया, असं स्कूटरला बॅग अडकवून नाशिकभर फिरायचं. अशाच एका नर्सिंग होममध्ये डॉक्टरांच्या खोलीत मी बसले होते आणि ह्या थेट आत आल्या. ठेंगण्या, रुंद खांद्यांच्या, अंगावर सुती साडी आणि साडीखाली पांढरे कापडी बूट. बोलता बोलता त्यांनी माझ्यासमोरचा चहा उचलला आणि पिऊन टाकला. समोरचा कप कोणाचा आहे हे त्या आयुष्यात कधी बघत नसाव्यात.

"मी माणसांची डॉक्टर आहे हो," मी म्हटलं.

"मग? फुप्फुस ते फुप्फुसच. छाती उघडली की आत हवा शिरते, फुप्फुस मिटतं, आणि जनावर तुमच्यासमोर निळं पडतं. त्या वेळात कोणीतरी त्याच्यासाठी श्वास घ्यायला पाहिजे. माझे दोन्ही हात आत असणार. मी टाके घालते, त्याचा श्वास तुम्ही घ्या."

मी नाही म्हणणार होते. मला तेव्हा कुत्र्यांची थोडी भीतीच वाटायची. पण त्या उत्तराची वाट न बघता बाहेर जाऊन माझ्या स्कूटरपाशी उभ्या राहिल्या होत्या. त्यांना ती स्कूटर माझीच आहे हे कसं कळलं, कोण जाणे.

त्यांचा दवाखाना इंदिरानगरमध्ये, एका इमारतीच्या तळमजल्यावर. खरं तर दुकानाचा गाळा, मधे प्लायवूडची भिंत घालून दोन खोल्या केलेला. पुढच्या खोलीत बाकडं आणि वजनकाटा. मागच्या खोलीत टेबल, दिवा आणि एका बंद पडलेल्या प्रसूतिगृहातून आणलेलं भुलीचं मशीन. त्या मशीनला मी ओळखत होते. त्याच्यावर मी शिकाऊ असताना काम केलं होतं. दवाखान्यात मदतीला रहीमभाई म्हणून एक पन्नाशीचे गृहस्थ होते. कुत्र्याला कसं धरायचं, कुठे टोचायचं, मॅडमना केव्हा काही विचारायचं नाही, हे त्यांना बरोबर कळायचं. ते मला म्हणाले, "डॉक्टरसाहेब, घाबरू नका. मॅडम ओरडल्या तर समजायचं, सगळं ठीक चाललंय."

त्या दिवशी हे वाक्य मला गंमत वाटलं. पुढे मी त्याच्यावर बराच विचार केला.

टेबलावर पिंपळगाव बसवंतचं कुत्रं होतं, टायगर नावाचं. द्राक्षाच्या पॅकहाउसवर राखणीला असायचं. आठवड्यापूर्वी हायवेवर टेम्पोनं उडवलं होतं. वरून कुठे खरचटलंही नव्हतं, पण छाती आणि पोट यांच्यामधला जो पडदा असतो तो आत फाटला होता, आणि जठर, आतडी, यकृताचा एक तुकडा, असं सगळं छातीत जाऊन बसलं होतं. कुत्रं उभंच राहायचं. आडवं झालं की गुदमरायचं. मालक दिनकरराव त्याला टेम्पोत बसवून घेऊन आले होते आणि पुढच्या खोलीत टोपी हातात धरून बसले होते.

देवरे मॅडमनी त्यांना एकच प्रश्न विचारला. "कुत्रं झोपतं कुठं?"

"आमच्या ओट्यावर. माझ्या खाटंपाशी. लय घोरतं ते, मॅडम."

"बघू," मॅडम म्हणाल्या, आणि आत आल्या.

हा प्रश्न त्या प्रत्येकाला विचारायच्या. उत्तराचं त्या काय करायच्या हे मला कधी नीट कळलं नाही. सुरुवातीला वाटलं, ऑपरेशननंतर कुत्र्याचा श्वास बिघडला तर ऐकायला जवळ कोणी माणूस असेल का, एवढंच त्यांना बघायचं असेल. मग त्यांनी गोदामात एकटं झोपणारं एक कुत्रंही ऑपरेशनला घेतलं, आणि माझा अंदाज मोडला.

मी शिरेतून भुलीचं औषध दिलं, घशात नळी घातली. कुत्र्याचा घसा माणसापेक्षा सोपा असतो, सगळं समोर स्वच्छ दिसतं, याचं मला नवल वाटलं. मॅडमनी पोट उघडलं. पडद्याची फट दिसली आणि त्याच क्षणी छातीही उघडी पडली, कारण मधली भिंतच नव्हती. मी रबरी पिशवी दाबायला लागले. दाबली की त्याची छाती वर, सोडली की खाली. माझे डोळे त्याच्या जिभेवर. जीभ गुलाबी आहे तोवर आपण बरोबर आहोत.

त्यांनी एकेक अवयव खाली ओढून घेतला, विहिरीतून पोहरा काढावा तसा, न हिसकता. यकृताचा तुकडा सुजला होता, फटीतून येत नव्हता. त्यांनी फट थोडी मोठी केली, बोटानं वाट काढली, आणि तोही आला. मग फाटलेल्या पडद्याला सर्वात खोल टोकाकडून टाके घालत आल्या. मी उत्साहात पिशवी जोरात दाबली, मिटलेलं फुप्फुस उघडावं म्हणून.

"एकदम नको!" त्या ओरडल्या. "इतके दिवस दबलंय ते. एकदम फुगवलंत तर त्यात पाणी भरेल. हळूहळू उघडू द्या."

मी हळू दाबत राहिले. फटीतून फुप्फुसाचा काळपट कोपरा दिसत होता. तो कडेनं गुलाबी होत गेला. मी इतकी वर्षं लोकांना श्वास देत होते, पण फुप्फुस असं उघडताना माझ्या डोळ्यांनी मी कधी बघितलं नव्हतं. शेवटचा टाका बांधायच्या आधी त्या म्हणाल्या, "आता भरा. धरून ठेवा. सोडू नका." आत उरलेली हवा बाहेर निघाली आणि त्यांनी गाठ मारली. बरगड्यांमधून एक नळी बाहेर काढली. तिचं टोक बाटलीतल्या पाण्याखाली. छातीत राहिलेली हवा त्यातून बुडबुडे होऊन बाहेर पडायची, पण परत आत जाऊ शकायची नाही.

भूल उतरायला लागली तेव्हा त्यांनी कुत्र्याला पोटावर बसतं केलं, कुशीवर नाही, म्हणजे दोन्ही फुप्फुसं मोकळी राहावीत. पट्टी सैल बांधली. बरगड्यांच्या मधे सुन्न करायचं औषध टोचलं. "दुखलं की उथळ श्वास घेतं. उथळ घेतला की फुप्फुस पुन्हा मिटतं. आणि लोकांना वाटतं, जनावराला काय दुखतंय." मग त्या फरशीवर मांडी घालून बसल्या आणि त्याच्या कानापाशी वाकून बोलू लागल्या. "मी आठेच शे. भिवू नको. ऊठ आते."

मॅडम मूळच्या कळवणच्या. आमच्याशी स्वच्छ पुस्तकी मराठी बोलायच्या. अहिराणी, म्हणजे हे ‘मी इथेच आहे’ वगैरे, फक्त भुलीतून उठणाऱ्या कुत्र्यांशी. मी एकदा विचारलं, "त्यांच्याशीच का?"

"मी बोलते?" त्यांनी मलाच विचारलं. त्या थट्टा करत होत्या की त्यांना खरंच ठाऊक नव्हतं, मी आजही सांगू शकत नाही.

टायगरनं डोळे उघडले. मान उचलली. दिनकरराव दारातून बघत होते, ते रडायलाच लागले. मला वाटलं, आता मॅडम काहीतरी चांगलं बोलतील.

"रडता काय? अजून काही झालेलं नाही," त्या म्हणाल्या आणि रहीमभाईंवर ओरडल्या, टॉवेल ओला का ठेवला म्हणून. टॉवेल ओला नव्हता. मग माझ्याकडे न बघता हात धुतले आणि मागच्या दारानं बाहेर निघून गेल्या. माझं काही चुकलं असावं असं वाटून मी बॅग भरली.

"चुकलं काहीच नाही," रहीमभाई म्हणाले. "कुत्रं वाचलं की त्यांचं असंच."

आणि खरंच तसंच असायचं. पुढे कितीतरी वर्षं मी जात राहिले. जिथे जनावर वाचेल असं दिसू लागे, तिथे त्या चिडचिड्या होत, कोणाशी नीट बोलत नसत. टायगर बरा होऊन पुन्हा टेम्पोमागे धावायला लागला तेव्हा दिनकरराव द्राक्षांची पेटी घेऊन आले. मॅडमनी पेटी ठेवून घेतली आणि त्यांनाच झापलं, "त्याला बांधून ठेवा म्हणून सांगितलं होतं ना?" बिचारे हसत हसत गेले. मला मॅडमची शरम वाटली.

एकदा तर एकाच आठवड्यात दोन कुत्री आली, दोन्हींचा पडदा फाटलेला. एक तरुण, दणकट, फट लहान. दुसरं म्हातारं, आधीच अर्धमेलं. त्यांनी म्हाताऱ्यावर ऑपरेशन केलं आणि तरुण कुत्र्याच्या मालकाला मुंबईला जायला सांगितलं. मी चक्रावले.

"सोपं कुत्रं तुम्ही परत पाठवलंत?"

"माझा हात दुखत होता."

"मग म्हाताऱ्याचं कसं केलंत?"

"त्याला मुंबईचा प्रवास झेपला नसता." हे पटलं. पण जरा वेळानं, कोणी विचारलेलं नसताना, त्या म्हणाल्या, "आणि तो माणूस मला आवडला नाही." मग स्कूटरपर्यंत सोडायला आल्या तेव्हा, "खरं सांगू? मी का पाठवलं मलाच माहीत नाही." तरुण कुत्रं मुंबईला जाऊन बरं झालं हे पुढे कळलं. म्हातारंही वाचलं. कोणाचंच नुकसान झालं नाही, पण माझ्या डोक्यातला गोंधळ काही गेला नाही.

त्यांना कुत्री आवडत असतील असं तुम्हाला वाटत असेल. मलाही वाटायचं. पण त्यांच्या घरी कधी कुत्रं नव्हतं. एखाद्या कुत्र्यानं हात चाटला की त्या तोंड वाकडं करत आणि साबणानं हात धूत. "मला नाही आवडत," त्या सरळ सांगायच्या. "लाळ गाळतात, वास येतो. गाय बरी."

मग इंदिरानगरमधल्याच एका जोडप्याची बंटी आली. दोघं नोकरीतून निवृत्त झालेली, मूलबाळ नाही, आणि ही पांढरी, झिपरी, लाडावलेली कुत्री. मटणाच्या हाडाचा तुकडा गिळला होता, तो अन्ननलिकेत, नेमका हृदयाच्या वरच्या बाजूला अडकला होता. तोंडातून काढायचा प्रयत्न झाला, निघाला नाही. या वेळी छाती बाजूनंच उघडावी लागली, दोन बरगड्यांच्या मधून. मॅडमकडे लहान मुलांच्या ऑपरेशनमधलं बरगड्या फाकवायचं एक छोटं यंत्र होतं, ते लावलं. मी पिशवी दाबत होते आणि दोन दाबांच्या मधल्या सेकंदात त्या काम करत होत्या. फुप्फुस खाली गेलं की टाका, वर आलं की थांबायचं. आमचं न बोलता जमायला लागलं होतं. हाड निघालं. पण अन्ननलिकेची भिंत तिथं काळी पडली होती, म्हणजे टाका टिकायची खात्री नव्हती. मॅडमनी ती बघितली, मला दाखवली आणि टाके घालायला घेतले.

दुसऱ्या दिवशी दुपारी बंटी गेली.

मी धावत आले, काहीतरी समजूत घालावी म्हणून. बघते तर पुढच्या खोलीत देवरे मॅडम त्या दोघांच्या मधे बाकड्यावर बसल्या होत्या, हातात कोणाचा तरी चहा, आणि विचारत होत्या, "मग? पाहुणे आल्यावर काय करायची?"

"पलंगाखाली जाऊन बसायची," काका म्हणाले. "पाहुणे गेले की बाहेर येऊन त्यांच्या खुर्चीवर बसायची. मालकिणीसारखी."

मॅडम हसल्या. मोठ्यानं. काकूंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्याही हसल्या. आतल्या खोलीत बंटी चादरीत गुंडाळून ठेवलेली होती. दुपारभर त्या तिघांनी बंटीच्या गोष्टी सांगितल्या. मॅडम इतक्या शांत, इतक्या मोकळ्या मी कधी बघितल्या नव्हत्या. मला ते भयंकर वाटलं. तुमच्या हातून जनावर गेलं आणि तुम्ही हसता? मी तशीच मागे फिरले. काही महिन्यांनी काकू भाजीबाजारात भेटल्या. म्हणाल्या, "ती दुपार आम्हाला पुरतेय अजून." मी मान हलवली. पण मला त्याचं काय करायचं हे समजेना. वाचलेल्या कुत्र्याच्या मालकाला झापणारी बाई आणि ही बाई एकच कशी?

आता कळवणच्या पिल्लाची गोष्ट. ती सांगायची म्हणूनच मी हे लिहायला बसले, पण लिहिताना वाटतंय, सांगूनही काही उलगडणार नाही.

मॅडमची आई कळवणला थोरल्या मुलाकडे, आप्पांकडे राहायची. मॅडम तिला माय म्हणत. मायनं एक गावठी पिल्लू पाळलं होतं, तपकिरी, कानाला पांढरा ठिपका. नाव सोन्या. एकदा मॅडम गावी गेल्या असताना माय सहज म्हणाली, "येना छातीमा गिरणी चाली ऱ्हायनी." मॅडमनी पिल्लाच्या डाव्या बरगडीवर हात ठेवला. आत सतत घरघर. गर्भात असताना हृदयाजवळच्या दोन मोठ्या रक्तवाहिन्यांना जोडणारी एक छोटी नळी असते. जन्मल्यावर ती आपोआप मिटते. सोन्याची मिटली नव्हती. रक्त चुकीच्या वाटेनं फिरत होतं, त्याचीच ती घरघर. दिसायला पिल्लू खेळकर, पण थोडं धावलं की बसायचं. तसंच ठेवलं तर त्याचं हृदय दमणार आणि ते मोठं व्हायच्या आधीच जाणार, हे मॅडमना स्पष्ट दिसत होतं.

माय नको म्हणाली. "जसा शे तसा ऱ्हाऊ दे. कापू नको त्याले."

मॅडमनी ऐकलं नाही. आप्पांना सांगितलं, आणि आप्पा एका सकाळी पिल्लू पिशवीत घालून नाशिकला आले. मायला काय सांगून आले हे त्यांनी आम्हाला सांगितलं नाही. भाऊ-बहीण दवाखान्यात समोरासमोर बसून कांद्याबद्दल बोलत होते. पिशवीतून फक्त एक नाक बाहेर आलेलं.

छाती उघडून ती नळी दोऱ्यानं बांधायची, असं ऑपरेशन आमच्याकडे कोणी केल्याचं मी ऐकलं नव्हतं. मॅडमनीही केलेलं नव्हतं. माणसांच्या मुलांचं मी शिकत असताना एकदा पाहिलं होतं, लांबून. इतक्या लहान जीवाला भूल द्यायची तर त्याला थंडी वाजणार, म्हणून रहीमभाईंनी टेबलावर गरम पाण्याच्या पिशव्या फडक्यात गुंडाळून मांडल्या. मॅडमनी चौथ्या बरगडीच्या मागून छाती उघडली. हृदय माझ्या अंगठ्याएवढं. त्यावरून जाणारी एक बारीक पांढरी नस त्यांनी दोऱ्यानं हलकेच बाजूला धरली. मग त्या नळीच्या मागून वाकडा चिमटा घालायचा होता. मागची बाजू दिसत नाही, नुसतं जाणवतं. तिथं भिंत फाटली तर सगळं संपलं, कोणी काही करू शकत नाही. त्यांच्या कपाळावरचा घाम रहीमभाई टिपत होते. त्या काहीच बोलत नव्हत्या, ओरडतही नव्हत्या, आणि म्हणून मला जास्त भीती वाटत होती.

चिमट्याचं टोक पलीकडे दिसलं. रेशमी दोरा आत गेला. त्यांनी गाठ ओढायला सुरुवात केली आणि पिल्लाची नाडी एकदम मंद झाली.

"थांबा," मी म्हटलं.

त्या थांबल्या. दोरा जिथल्या तिथे. मी पिशवी दाबत राहिले, नाडीवर बोट. ती हळूहळू वर आली.

"चला."

अशी ती गाठ त्यांनी किती सावकाश आवळली, सांगता येणार नाही. मग दुसरी गाठ. मग त्यांनी माझं बोट धरून त्या जागेवर टेकवलं. घरघर थांबली होती. आत फक्त ठोके. लुप, लुप, लुप, कोणत्याही पिल्लाचे असावेत तसे.

सोन्या उठला. दुसऱ्या दिवशी त्याच्या छातीत घातलेली हवेची नळी काढली, तेव्हा त्यानं मॅडमच्या बुटाची नाडी ओढली. त्या चिडल्या, रहीमभाईंना काहीतरी बोलल्या. मी मनात म्हटलं, सगळं ठीक चाललंय. गळ्याला पट्टा नको, अंगाला ओढ बसेल असं काही नको, उड्या मारू देऊ नका, टाके निघेपर्यंत मांडीवरच ठेवा, असं आप्पांना बजावलं आणि पिल्लू गेलं.

काही आठवड्यांनी मला सुट्टी होती आणि सप्तशृंगी गडावर जायचं होतं. मॅडम म्हणाल्या, वाटेत कळवणला थांबू. आम्ही दोघी गेलो. अंगणात सोन्या कोंबडीमागे धावत होता. दमत नव्हता. केवढा वाढला होता! मी आनंदानं टाळीच वाजवली. माय पायरीवर बसली होती, सुपात काहीतरी निवडत. मॅडम तिच्याजवळ जाऊन बसल्या. 

मग माय म्हणाली, "गिरणी बंद व्हयनी."

"हो. आता तो जगेल माय. दहा-बारा वर्षं जगेल."

"जगू दे," माय म्हणाली. सुपातला एक खडा बाजूला टाकला. "माले झोप येत नही आते."

मला समजायला वेळ लागला. रात्री ती त्या पिल्लाला कुशीत घेऊन, त्याच्या छातीवर हात ठेवून झोपायची. नवरा गेल्यापासून तिला झोप नव्हती, ती त्या घरघरीनं यायला लागली होती. आता हात ठेवला तरी हाताला काही लागत नव्हतं. ती चिडलेली नव्हती. तक्रारही करत नव्हती. पाऊस झाला नाही असं सांगावं तसं सांगत होती.

मॅडम उठल्या, सोन्याला उचललं, त्याची छाती दाबून बघितली, टाक्यांच्या जागी नवे केस आलेत का ते बघितलं, आणि खाली ठेवलं. मग नळावर जाऊन हात धुतले. गडावर आम्ही गेलो नाही. 

त्यानंतर त्यांनी छाती उघडली नाही. एकही नाही. लोक यायचे, पिंपळगावहून, निफाडहून, आणि त्या त्यांना मुंबईला पाठवायच्या. त्याची कारणं मला दुसऱ्यांकडूनच कळत गेली. मालकांना त्या सांगायच्या, मशीन बिघडलंय. मशीन ठीक होतं. स्वतःच्या नवऱ्याला सांगितलं, गुडघे दुखतात. रहीमभाईंना सांगितलं, भूलबाई आता थकल्या. भूलबाई म्हणजे मी. हे ऐकून मी रागानं तडक दवाखान्यात गेले.

"मी थकले असं तुम्ही सांगता?"

"मग कोण थकलंय म्हणू?" त्या म्हणाल्या.

मी बॅग बाकड्यावर ठेवली. विचारलं, "मायमुळे का?"

"माय काय बोलली?" त्यांनी खरोखर आश्चर्यानं विचारलं. "मायनं मला कधी काही म्हटलं नाही."

"मग सोन्या मेला असता, ते बरं होतं का?"

"तसं मी म्हटलं?" त्यांनी गोळ्यांची पाकिटं कपाटात लावायला घेतली. सगळी लावून झाल्यावर पुन्हा काढली. "तुम्ही सांगा भूलबाई. तुम्हाला कसं वाटतं? ते मिटवायला नको होतं का?"

मी म्हटलं, मिटवायलाच हवं होतं. त्यांनी मान हलवली. त्यांनाही तसंच वाटत होतं. मग अडचण काय होती? ती आम्हा दोघींनाही सांगता येईना. मी परत आले. आपण भांडायला गेलो होतो की समजूत घालायला, हेही मला ठरवता येईना.

पुढे दवाखाना नुसत्या लशींवर आणि जंतांच्या औषधांवर चालला, मग बंद झाला. कोणी म्हणालं मॅडम पोल्ट्रीवाल्यांच्या सल्लागार झाल्या. मला खरं वाटलं नाही. ज्या बाईनं सुतळीएवढ्या नळीमागून दोरा नेला, ती ब्रॉयलर कोंबड्यांचं वजन वाढवायचे सल्ले देणार? माझीही कामं वाढली होती. भेटी थांबल्या.

त्यांना शेवटचं बघितलं ते दोन हजारच्या दशकात, एका हिवाळ्यातल्या सकाळी. माझ्या मिस्टरांच्या भाच्यानं पिंपळगावच्या पुढे शेतात पोल्ट्रीची शेड बांधली होती, ती बघायला गेलो होतो. भाचा म्हणाला, "आज पिल्लं आलीत. देवरे मॅडम येणारेत."

त्या आल्या. केस पांढरे, पायात तेच कापडी बूट, किंवा तसेच. मला बघून काही विशेष वाटलं असेल तर दिसलं नाही. भाच्याच्या बायकोनं माझ्यासाठी आणलेला चहा त्यांनी घेतला.

मी विचारलं, "माय?"

"गेली. झाली दोन-तीन वर्षं."

"आणि सोन्या?"

"आहे. आप्पाकडे. म्हातारा झालाय. दिसत नाही फारसं."

मला वाटलं, त्या आणखी काही बोलतील. त्या चहात बघत होत्या. मग म्हणाल्या, "भूल उतरताना माणसं काय बोलतात हो?"

"काहीही बोलतात. कोणी आईला हाक मारतं, कोणी शिव्या देतं. एक बाई भाजीचा भाव विचारत होत्या."

"आणि नंतर आठवतं त्यांना?"

"नाही."

"हं," त्या म्हणाल्या. हे त्या का विचारत होत्या, मी विचारलं नाही. विचारलं असतं तरी त्यांनी तीन उत्तरं दिली असती आणि तिन्ही मला खरी वाटली असती.

शेडमधून एक माणूस सांगत आला, की एका कोपऱ्यात पिल्लं एकावर एक चढून बसलीत, खालची गुदमरतायत. त्या लगेच उठल्या. मी दारापर्यंत मागे गेले. आत भाताच्या तुसावर हजारो पिवळी पिल्लं, दिव्यांच्या उबेत. पाय ठेवायला जागा नाही. "आत येऊ नका," त्या मला म्हणाल्या, "तुम्ही पाय उचलून चालता." मग स्वतः पाय जमिनीवरून न उचलता, घासत, सरकवत, त्या कोपऱ्याकडे निघाल्या. त्यांच्या पुढे ती पिवळी गर्दी दुभंगत होती आणि मागे पुन्हा मिटत होती. त्या पार टोकाशी पोचल्या, वाकल्या, आणि दोन्ही हातांनी ढीग हळूच मोकळा करू लागल्या. त्यांचे ओठ हलत होते. काय बोलत होत्या, त्या कलकलाटात मला ऐकू आलं नाही.